डाव्या हाताची रेघ

"काका, खरं सांगायचं हं, काकूंना अजिबात घाबरायचं नाही." व्यायामवाल्याने दादाचा पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे नेला. "काकूंपेक्षा मी दिसायला बरा आहे का?"

स्क्रीनवरचा पिवळा चेंडू मधोमध जरा घुटमळला, मग उजवीकडे सरकत सरकत कडेच्या चौकटीत जाऊन बसला. स्क्रीनशेजारच्या खोक्यातून आवाज आला, "हो."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा थट्टा केली ह्यांनी."

व्यायामवाल्याला चेव चढला. "थांबा, अजून एक. काका, तुम्ही माझे सासरे आहात का?"

चेंडू पुन्हा उजवीकडे. "हो."

"मग मुलगी कुठे लपवून ठेवलीत एवढे दिवस?"

दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं. वहिनींचं हसू क्षणभर अडखळलं, पण नवरा थट्टा करतोय या आनंदात त्यांनी तेही पोटात घातलं. व्यायामवाल्याने दादाचा पाय सरळ केला, चादर ओढली आणि शीळ घालत तो पुढच्या खोलीत गेला.

टोपीताई मात्र हसली नाही. जेलची सिरिंज हातात तशीच धरून ती चेंडूकडे बघत राहिली. ती या इस्पितळातली तंत्रज्ञ. रुग्णाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, एकेका भोकातून केसांच्या मुळाशी जेल सोडायचं आणि मेंदूत उठणारी बारीकशी वीज कॉम्प्युटरपर्यंत पोचवायची, हे तिचं काम. उभी नोकरी लोकांच्या डोक्यांवर हात फिरवण्यात गेली, म्हणून सगळ्या इस्पितळाने तिचं नाव टोपीताई ठेवलं होतं. आणि खाटेवर पडलेला हा माणूस, ज्याची पापणीसुद्धा आता त्याच्या हुकमात राहिली नव्हती, तिचा सख्खा थोरला भाऊ होता. त्याने जन्मात कधी थट्टा केल्याचं तिला आठवत नव्हतं. कोणी केलेली त्याला कळतही नसे.

दादा वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. तो बाजारात शिरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदारांचे अंगठे पारड्यावरून आपोआप उठत. लग्नात आहेर म्हणून आलेला स्वयंपाकघरातला काटादेखील त्याने आधी तपासला होता आणि तो चुकीचा निघाल्यावर देणाऱ्याला परत पाठवला होता. त्या देणाऱ्याने नंतर त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. दादाला त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. वहिनींना वाटलं, पण त्यांना विचारतो कोण?

त्याच बाजारात टोपीताईच्या नवऱ्याचं दुकान होतं. मेहुण्याचं दुकान म्हणून दादा न बघता पुढे गेला असता, तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. त्याने उजव्या हातात तपासलेल्या मापांवर शिक्का ठोकायची हातोडी धरली, डाव्या हाताने मालाचं पारडं उचललं आणि उलटं करून बघितलं. बुडाला मेणात बसवलेलं शिसं होतं. "जुना काटा विकत घेतला होता, तेव्हापासूनच असेल," नवरा म्हणाला. दादाने ते ऐकून घेतलं आणि इतर कोणावर भरला असता तसाच खटला भरला. दुकान बसलं. दुकानामागोमाग नवराही खचत गेला आणि एक दिवस बसल्या खुर्चीत गेला. टोपीताई भर बाजारात भावाला म्हणाली होती, "तू मारलंस त्याला." दादा म्हणाला, "शिसं मी नव्हतं लावलं," आणि सायकल काढून निघून गेला. तेव्हापासून बहीणभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. शिसं कोणी लावलं हे तिने नवऱ्यालाही कधी विचारलं नाही. त्याचं उत्तर आपल्याला नको होतं, हे ती आता आता कुठे स्वतःशी कबूल करायला लागली होती.

मग दादाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. वहिनींचा फोन आला, "वन्सं, तुमच्या इस्पितळात ती टोपी आहे म्हणतात. ह्यांच्या डोळ्यांवरून मला कळतं, आत आहेत हो ते." टोपीताई सगळा राग गिळून गेली, आणि त्याला स्वतःच्या खोलीत आणून त्याच्या डोक्यावर टोपी चढवली.

टोपी इस्पितळाची, पण टोपीमागचं सॉफ्टवेअर कोणाच्याच मालकीचं नव्हतं. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून ते लिहिलं होतं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कोणीही घ्यावं, आत डोकावून बघावं, काही खुपलं तर दुरुस्त करावं. माणसाने मनात उजवी मूठ आवळली की त्याच क्षणी चेंडू उजवीकडे निघायचा, डावी आवळली की डावीकडे. उजवीकडे हो, डावीकडे नाही. दादाला समजावताना टोपीताई म्हणाली होती, "दादा, हो म्हणायचं असेल तर उजव्या हातात हातोडी धर आणि शिक्का मार. नाही म्हणायचं असेल तर डाव्या हाताने पारडं उचल." सरावाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने इतके गुण मिळवले की या खोलीचे प्रमुख, म्हणजे सर, स्वतः बघायला आले. वहिनींनी शेजाऱ्यांना फोन करून सांगितलं. टोपीताईलाही वाटलं, दादाच तो, करील नाहीतर काय.

सराव संपवून बोलणं सुरू झालं, आणि एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेल्या असताना तिने विचारलं होतं, "दादा, त्या दुकानाचं... चुकलं असं वाटतं ना रे तुला?"

"हो," खोकं म्हणालं.

तिने आपलं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं होतं. जेलने तिचा चेहरा बरबटला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. ही लेक बापाच्या मागे म्हणाली होती, मामा मेला तरी मला कळवू नकोस. "मामा असं म्हणाला? मामा?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "येते मी." आली, मामाचा हात हातात घेऊन रडली, आणि परत जाताना आईला म्हणाली, "बरं झालं गं. आता बाबांची आठवण आली की आधी राग नाही येत."

आता व्यायामवाल्याची शीळ दूर गेली तशी टोपीताईने सिरिंज खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही जरा चहा घेऊन येता का?" वहिनी गेल्या. ती दादाच्या समोर येऊन उभी राहिली.

"दादा, मी तुझी मोठी बहीण आहे का?"

"हो."

"तू बाई आहेस का?"

"हो."

"दादा, आपण दोघं आत्ता पाण्यात पोहतोय का?"

"हो," खोकं त्याच गोड, विकत आणलेल्या आवाजात म्हणालं.

ती कॉम्प्युटरकडे वळली.

असे उलटे प्रश्न रोज सकाळी आधी विचारायचे, हा या कामातला साधा नियम. नव्या रुग्णाला ती स्वतः विचारायची: तुम्ही मासा आहात का, आज बर्फ पडतंय का? दादाला मात्र तिने एकदाही विचारले नव्हते. ज्याच्यासमोर लहानपणी पाढे म्हणताना पाय लटपटायचे, त्या भावाला ‘तू मासा आहेस का’ असं कोणत्या तोंडाने विचारायचं? त्याच्या अकलेची परीक्षा घेतल्यासारखं झालं असतं. बाकीच्यांचं म्हणाल, तर इस्पितळात आजाऱ्याला नाही म्हणावं लागेल असं कोणी विचारतच नाही. बरं वाटतंय ना? झोप लागली ना? उशी नीट आहे ना? हो, हो, हो. सगळे खूश.

तिने कॉम्प्युटरच्या आतली पानं उघडली. शोधायला फार लागलं नाही. ‘आधार’ नावाच्या चौकटीत खूण होती. नवा माणूस पहिल्यांदा टोपी घालतो तेव्हा चेंडू त्याचं ऐकत नाही आणि तो हिरमुसतो, म्हणून सरावापुरता हा आधार. चेंडू कुठे जायला हवा हे सरावात प्रोग्रॅमला ठाऊक असतं. तो गुपचूप त्या दिशेला ढकलतो. माणसाला वाटतं, जमलं! मग तो खरंच शिकतो. सराव संपला की खूण काढायची. ती कोणी काढलीच नव्हती. बोलताना प्रोग्रॅमला उत्तर ठाऊक नसतं, तेव्हा तो सरावातली शेवटची दिशाच धरून बसायचा. आणि सराव दरवेळी उजवीकडे संपायचा.

दादाच्या भाषेत सांगायचं, तर काटा मारलेला होता. तोही त्याच्या स्वतःच्या शब्दाला.

तिने सॉफ्टवेअरवाल्यांच्या मंडळाला तिखट पत्र लिहिलं. असं धोकादायक काहीतरी तुम्ही लोकांच्या हाती देताच कसं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते ‘घुबड’ नावाने वावरणाऱ्या एका स्वयंसेवकाकडून. तो कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हतं. दिवसा कसलीशी नोकरी करून उरलेल्या वेळात तो हा भाग सांभाळायचा, एवढंच. त्याने मनापासून वाईट वाटल्याचं लिहिलं होतं. ही खूण आपोआप निघायला हवी हे त्यालाही पटत होतं, बरेच दिवस मनात होतं, पण कोणी तक्रार केली नाही आणि त्याला सवड झाली नाही. मात्र सूचना पहिल्यापासून दिलेली आहे, असं म्हणून त्याने माहितीपुस्तिकेचं एक पान जोडलं होतं. तिला वाचायला सोपं जावं म्हणून तिच्याच भाषेतलं.

‘सराव संपल्यावर आधाराची खूण आठवणीने काढावी, अन्यथा उत्तरे रुग्णाची राहणार नाहीत.’

पानाच्या तळाशी भाषांतर करणाऱ्याचं नाव होतं. तिचंच. दोन-तीन वर्षांपूर्वी या फुकटच्या कामाला आपलाही हात लागावा म्हणून तिने अख्खी पुस्तिका हौसेने आपल्या भाषेत आणली होती. लेकीला ते नाव दाखवून मिरवलंही होतं. ‘राहणार नाहीत’ बरं की ‘उरणार नाहीत’ बरं, यावर तिने एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. वाक्य घासूनपुसून लख्ख केलं आणि त्यात काय म्हटलंय ते पार विसरली.

कोणावर भडकायचं तेच तिला कळेना. घुबडावर भडकावं, तर तो बिचारा पदरमोड करून रात्र रात्र जागणारा. सगळं उघड्यावर मांडलेलं होतं, कोणीही बघावं असं. तिने कपाळाला हात लावला आणि ती सरांकडे गेली.

सरांनी ऐकलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "म्हणजे इतके महिने..." एवढंच ते म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. "ताई, शुक्रवारी पाहुणे येताहेत. त्यांच्या जिवावर ही खोली चालते, तुम्हाला माहीत आहे. ऐन वेळी चेंडू हललाच नाही तर? शुक्रवार तेवढा जाऊ द्या. मग काढू खूण. मी स्वतः बसतो तुमच्याबरोबर."

"सर, पण तो माझा भाऊ आहे."

"म्हणून तर म्हणतो. खोली बंद पडली तर तो कुठे जाईल?"

याला उत्तर होतं, पण ते द्यायला दादासारखी छाती लागते. ती तशीच आपल्या टेबलाशी परत आली आणि त्याची तिला लाज वाटली.

शुक्रवारी पाहुणे आले. वहिनींनी दादाची दाढी स्वतः केली होती, स्वच्छ सदरा घातला होता. पाहुण्यांतल्या एक बाई खाली वाकून अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "या यंत्रामुळे तुम्हाला बरं वाटतं का?"

टोपीताई मागे आपल्या टेबलाशी उभी होती. तिथे तिची छोटी स्क्रीन होती. मोठ्या स्क्रीनवर चेंडू, आणि हिच्यावर मेंदूतून येणाऱ्या कच्च्या रेघा, दोन्ही हातांच्या वेगवेगळ्या. माणसाने मनात एखादा हात हलवला की त्या हाताची रेघ खाली दबते. पूर्वी ती याच रेघा बघायची. चेंडू छान चालायला लागल्यापासून तिने या स्क्रीनकडे लक्ष देणं सोडलं होतं. आज सगळे चेंडूकडे बघत होते, म्हणून तिने रेघांकडे बघितलं.

उजव्या हाताची रेघ निवांत चालली होती. डाव्या हाताची रेघ तळाला गेली होती. नुसती गेली नव्हती, तिथे दबून राहिली होती, सुटत नव्हती. दादा जीव खाऊन पारडं उचलत होता.

"हो," खोकं म्हणालं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी डोळे पुसले. सर टोपीताईकडे न बघता हसले. डाव्या हाताची रेघ अजून खालीच होती.

तेव्हा तिला खरं काय ते उमगलं. स्क्रीन दादाच्याच डोळ्यांसमोर ठेवलेली होती. इतके महिने तो बघत होता. तो डावीकडे ओढत होता आणि चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे जात होता. परका आवाज त्याच्या नावाने हो म्हणत होता आणि माणसं आनंदाने रडत होती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या पारड्याखालचं शिसं शोधलं, त्याच्या पारड्याखाली शिसं ठेवून त्याच्या बहिणीने त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं होतं. आणि त्याला ओरडायचीही सोय नव्हती.

पाहुणे चहाला गेले, सर त्यांच्यामागे गेले. खोलीत तिघंच उरली. वहिनी दादाच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होत्या. टोपीताईने त्यांना जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. आवाज खाली न आणता, दादाला ऐकू जाईल असं.

ऐकून वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मी रोज निघताना ह्यांना विचारते. माझ्याबरोबर सुखात होतात ना? ते पण?"

"ते पण, वहिनी. सगळंच."

"उभ्या संसारात कधी विचारायची हिंमत झाली नाही हो मला." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "विचारलं असतं, तर नुसते बघत राहिले असते माझ्याकडे. आता विचारायला लागले, तर लगेच हो. मी म्हटलं, आजारपणाने मऊ झाले." त्यांनी टोपीताईचा हात धरला. "राहू द्या ना ती खूण. कोणाचं काय बिघडतंय? हो म्हणणारा नवरा मला आत्ता कुठे मिळाला होता."

टोपीताईचं मन क्षणभर डळमळलं. वहिनी चुकीचं काय बोलत होत्या? तिलाही हो म्हणणारा भाऊ आत्ताच मिळाला होता. तिच्या लेकीला बाप परत मिळाला होता. खूण तशीच ठेवली, तर सरांची खोली चालली असती, व्यायामवाल्याची करमणूक झाली असती, सगळ्यांचं भागलं असतं. फक्त या खाटेवरच्या एका माणसाचं सोडून. तिने छोट्या स्क्रीनकडे बघितलं. डाव्या हाताची रेघ पुन्हा तळाला निघाली होती. दादा ऐकत होता.

"नाही, वहिनी," ती म्हणाली, आणि तिने खूण काढली.

आधी चेंडू गोंधळला. इकडे जाई, तिकडे जाई. तिने वाट बघितली.

"दादा, मी तुझी मोठी बहीण आहे का?"

चेंडू थरथरत, थांबत डावीकडे निघाला. अर्ध्यावर अडकला. पुन्हा निघाला. चौकटीत गेला.

"नाही."

वहिनी दचकल्या. त्या खोक्याला हा शब्द येतो, हेच सगळे विसरले होते.

"मी धाकटी आहे?"

चेंडूने बराच वेळ घेतला, मग उजवीकडे. "हो."

विचारलंच पाहिजे असं काही नव्हतं. दुकान गेलं, दुकानदार गेला, त्या काट्याचं लोखंडही कधीच मोडीत गेलं असेल. पण न विचारता राहणं तिला आता जमणार नव्हतं.

"दादा, त्या दिवशी दुकानात... तुझं चुकलं का?"

या वेळी चेंडू अडखळला नाही. सरळ डावीकडे गेला, इतका सरळ की सरावातही कधी गेला नव्हता.

"नाही."

तिला राग आला. किती जुना राग, पण जसाच्या तसा, कालच्यासारखा. हाडांचा सापळा झालास, नळीने जेवतोस, कूस बदलायला दुसऱ्याचे हात लागतात, आणि अजून तुझं तेच! बहिणीसाठी एवढंसं खोटं नाही बोलवत तुला? आणि त्या रागातच तिच्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा या खोलीत दादा असल्यासारखा वाटतोय. तो गोड आवाजाचा, सगळ्याला हो म्हणणारा माणूस कोणीतरी परका होता. हा तिचा भाऊ होता.

"मागे मी हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते. तेव्हाही तू नाहीच म्हणत होतास का?"

चेंडू उजवीकडे गेला. दादा मनातल्या मनात हातोडी उचलून शिक्का मारत होता.

"हो."

तिने मान डोलावली. मग खुर्ची ओढली आणि बसली. लेकीला हे सांगावं लागणार होतं. आज नाही, पण सांगावं लागणार होतं, आणि लेक पुन्हा फोन ठेवून देणार होती. त्याला इलाज नव्हता.

"वहिनी," थोड्या वेळाने ती म्हणाली, "या. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा. आता तोच उत्तर देईल."

वहिनी खाटेजवळ आल्या. दादाच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून त्याच्या कानामागे ओघळलेलं जेल बोटाने निपटलं आणि बोट टॉवेलला पुसलं.

"टोपी काढू का?" टोपीताईने विचारलं. "तुम्हाला नाही विचारायचं काही?"

"नको. राहू द्या," वहिनी म्हणाल्या. राहू द्या म्हणजे टोपी की प्रश्न, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि टोपीताईनेही विचारलं नाही.

वहिनींनी स्टूल घेतलं, खाटेच्या कडेला ठेवलं आणि बसून त्या दादाशी बोलायला लागल्या. मोरीतला नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतला म्हणाल्या. शेजारच्यांनी फाटकाला हिरवा रंग दिला, फारच भडक झालाय. तुमची सायकल पुसून आत घेतली, बाहेर गंजली असती. बाहेर आज छान ऊन पडलंय. एकेक गोष्ट त्या सावकाश सांगत होत्या, आणि एकाही वाक्याच्या शेवटी जराशाही थांबत नव्हत्या.

टोपी अजून दादाच्या डोक्यावर होती. चेंडू स्क्रीनच्या मधोमध थरथरत उभा होता, आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं.